पद्मिनीला आरसे लावताना

चितोडच्या राणी पद्मिनीची आणि आरशाची दंतकथा आपण सगळ्यांनीच ऐकली आहे. सुलतानाला राणी दिसली ती आरशातून, असं त्यात सांगतात. आमच्या गोष्टीतल्या पद्मिनीची अडचण नेमकी उलटी होती. तिला आरसाच नव्हता!

मित्रहो, ही पद्मिनी म्हणजे प्रीमियर पद्मिनी. १९८४ चं मॉडेल, इंजिन १०८९ सीसी, गियरचा दांडा स्टिअरिंगला. मालक म्हणजे वर्कशॉपमधून रिटायर झालेले काका, ज्यांनी आपल्या किती बॅचेसना कानस धरायला शिकवली ते त्यांनाच ठाऊक. रविवारी मेसला संध्याकाळची सुट्टी असली की काका आम्हा हॉस्टेलच्या दोन-तीन पोरांना घरी जेवायला नेतात, तेही गाडीतून.

असाच एक पावसाळी रविवार. काका गंगापूर रोडवरून कॉलेज रोडकडे जायला डावीकडे वळत होते. त्यांनी इंडिकेटर दिला, वेग कमी केला, आतल्या आरशात पाहिलं. त्यात काय दिसणार? मागच्या सीटवरची आमची तीन डोकी! काका वळले आणि डाव्या दाराशी करकचून ब्रेक लागल्याचा आवाज आला. स्कूटीवरची एक मुलगी ओल्या रस्त्यावर घसरून पडली होती. नशीब, गुडघा खरचटण्यावर निभावलं. ती बिचारी उठून आम्हालाच ‘काही नाही झालं’ म्हणाली. काकांचे हात मात्र घरी पोचेपर्यंत थरथरत होते.

जेवताना काकूंनी निकाल दिला. “आरसे लावा, नाहीतर गाडी विका.”

काका म्हणाले, “चाळीस वर्षं दाराला ओरखडा येऊ दिला नाही मी. आता काय ड्रिल मारू?”

दोघांचंही बरोबर होतं. आणि दोघांचंही बरोबर असतं तिथेच इंजिनिअरिंग सुरू होतं, असं मला वाटतं. पुढचे तीन रविवार आमचे या आरशांत गेले. त्यात जे कळलं ते इथे लिहितो आहे. तुमच्यापैकी कुणाच्या घरी आजोबांची फियाट, अँबॅसेडर किंवा जुनी जीप असेल तर उपयोगी पडेल. नसेल तरी फर्स्ट इयरला पाठ केलेला आरशाचा फॉर्म्युला कशासाठी असतो ते कळेल.

आरसा नव्हताच का?

पहिला प्रश्न आम्हाला हाच पडला. उत्तर सोपं आहे. ही गाडी मुळात इटलीच्या फियाट ११०० ची बहीण. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने ती कुर्ल्याच्या कारखान्यात बनवली. १९६४ साली ‘फियाट ११०० डिलाइट’, मग ‘प्रेसिडेंट’ आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’. म्हणजे गाडीचा मूळ आराखडा अशा काळातला, जेव्हा रस्ते मोकळे होते, हात बाहेर काढून सिग्नल देत असत आणि डावीकडून कुणी ओव्हरटेक करत नसे. बाहेरचा आरसा ही तेव्हा हौसेची वस्तू. एकविसावं शतक उजाडलं तरी आपल्याकडे कित्येक गाड्यांच्या स्वस्त मॉडेलला डावा आरसा नसायचाच!

तसा आरशाचा इतिहास जुना आहे. डोरोथी लेव्हिट नावाच्या इंग्लिश बाईंनी १९०९ साली गाडी चालवणाऱ्या स्त्रियांसाठी पुस्तक लिहिलं. मागचं पाहण्यासाठी हातातला छोटा आरसा जवळ ठेवा, असा सल्ला त्यात होता. १९११ साली इंडियानापोलिसच्या पहिल्या ५०० मैलांच्या शर्यतीत रे हॅरून यांनी गाडीवर आरसा बसवला. बाकीच्या गाड्यांत मागे पाहायला शेजारी मेकॅनिक बसलेला असे, हे एकटेच बसले आणि जिंकले. म्हणजे आरशाने एका माणसाचं काम केलं. काकांच्या गाडीत ते काम करायला कुणीच नव्हतं.

काच सपाट की फुगीर?

दुकानात गेलात तर दुकानदार विचारतो, “क्रोम पाहिजे की काळा?” खरा प्रश्न तो नाही. खरा प्रश्न काचेचा आहे.

आम्ही आधी गाडीत बसून टेपने मोजलं. काकांच्या डोळ्यापासून उजव्या दारावरचा आरसा साधारण ७० सेंमी, डाव्या दारावरचा १३० सेंमी. आता समजा आरसा १२ सेंमी रुंद आहे. सपाट आरसा म्हणजे एक खिडकी आणि त्या खिडकीपासून तेवढ्याच अंतरावर आपला डोळा. मग नुसत्या समरूप त्रिकोणांनी गणित सुटतं. २० मीटर मागे उजव्या सपाट आरशात साधारण साडेतीन मीटर रुंदीचा रस्ता दिसतो, म्हणजे एक पूर्ण लेन. डाव्या सपाट आरशात मात्र जेमतेम दोन मीटर! मान जरा हलली की स्कूटी गायब.

आता फुगीर, म्हणजे बहिर्वक्र आरसा घ्या. चांगल्या गाड्यांच्या काचेची वक्रता त्रिज्या १२०० मिमी किंवा त्याहून जास्त असते. तेवढी धरून आरशाचा फॉर्म्युला लावला की डाव्या बाजूला २० मीटर मागे सहा मीटर रुंदी दिसते. तिप्पट! मग प्रश्नच मिटला?

नाही ना. या जगात काही फुकट मिळत नाही. फुगीर आरशात वस्तू लहान दिसते आणि लहान दिसलेली वस्तू आपला मेंदू लांब समजतो. २० मीटर मागे असलेली मोटारसायकल उजव्या फुगीर आरशात ४४ मीटरवर असल्यासारखी वाटते आणि डाव्या आरशात ६५ मीटरवर. दोन्ही काचा एकसारख्या असूनही डावीकडचा गोंधळ मोठा, कारण डोळा लांब आहे. नव्या गाड्यांच्या डाव्या आरशावर ‘आरशातल्या वस्तू दिसतात त्याहून जवळ आहेत’ अशा अर्थाची ओळ इंग्रजीत छापलेली असते, ती उगाच नव्हे.

आम्ही निर्णय केला तो असा : उजवीकडे सपाट, कारण तिथे एक लेन पुरते आणि अंतर खरं कळतं. डावीकडे फुगीर, कारण तिथे आधी ‘कुणी आहे की नाही’ हे दिसणं महत्त्वाचं, ‘किती लांब’ हे नंतर. ते आतल्या आरशात पडताळता येतं.

दुकानातला व्हायवा

पण दुकानातली काच किती फुगीर आहे हे ओळखायचं कसं? खोक्यावर लिहिलेलं नसतं. फिजिक्सच्या लॅबमधला स्फेरोमीटर आठवला, पण तो लॅबबाहेर कोण देणार? काकांनी खिशातून सहा इंची स्टीलची पट्टी आणि फीलर गेज काढलं.

पट्टी काचेवर उभ्या कडेने ठेवायची. मध्यभागी ती टेकते आणि दोन्ही टोकांना फट राहते. फट दोन्हीकडे सारखी झाली की फीलर गेजने मोजायची. मध्यापासून फटीपर्यंतच्या अंतराचा वर्ग करा आणि त्याला फटीच्या दुपटीने भागा. झाली त्रिज्या! मध्यापासून ६० मिमीवर दीड मिमी फट आली तर ३६०० भागिले ३, म्हणजे १२०० मिमी. पास! फट नसेल तर काच सपाट.

पहिल्या दुकानातली चकचकीत जोडी आम्हाला फार आवडली होती. तिची फट आली ३ मिमी. म्हणजे त्रिज्या फक्त ६०० मिमी. अशा काचेत डावीकडची २० मीटरवरची स्कूटी शंभर मीटरहून लांब भासेल. काकांनी ती जोडी हळूच परत ठेवली. दुकानदार आमच्याकडे ‘ही कसली गिऱ्हाइकं’ अशा नजरेने बघत राहिला.

दुसरी परीक्षा आणखी सोपी आहे. समोरच्या खिडकीचे गज काचेत बघा आणि आरसा हळूहळू फिरवा. सपाट काचेत गज सरळ राहिले पाहिजेत आणि फुगीर काचेत एकसारखे वाकले पाहिजेत. मधेच लाट आली तर काच खराब.

जागा कुठली?

जुन्या गाड्यांना आरसे दोन ठिकाणी दिसतात, पुढच्या मडगार्डवर किंवा दारावर. मडगार्डवरच्या आरशाचा फायदा असा की मान न वळवता समोरच्या काचेतून तो दिसतो. जपानमधे तर १९८३ पर्यंत तिथल्या नव्या गाड्यांना आरसे मडगार्डवरच लावावे लागत. पण तो डोळ्यापासून लांब, त्यामुळे काचेत दिसणारा रस्ता आणखी अरुंद होतो. शिवाय तो सेट करायला एकाने आत बसायचं आणि दुसऱ्याने बाहेरून ‘अजून थोडा, अजून थोडा’ करत फिरवायचं. आम्ही दार निवडलं.

पद्मिनीच्या पुढच्या दाराला मोठ्या काचेच्या पुढे एक तिकोनी क्वार्टर ग्लास आहे आणि दोघींच्या मधे एक उभी पट्टी. सगळा घोळ या पट्टीचा. आरसा चुकीच्या जागी लागला की पट्टी बरोबर त्याच्या मधोमध येते. म्हणून आम्ही आधी पुठ्ठ्याचे दोन आरसे कापले आणि मास्किंग टेपने दारावर चिकटवले. काका आपल्या नेहमीच्या जागी, नेहमीच्या उशीवर बसले (ही उशी महत्त्वाची, ती काढली तर डोळा दोन इंच खाली जातो). पुठ्ठा पुढे-मागे सरकवत गेलो. तो पट्टीच्या आड न येता पूर्ण दिसला तिथे पेन्सिलची खूण केली.

मग तीन तपासण्या केल्या. एक, दार पूर्ण उघडून पाहिलं. पद्मिनीचं पुढचं दार पुढच्या कडेला बिजागऱ्यांवर फिरतं. आरसा फार पुढे असेल तर दार उघडताना तो मडगार्डवर आपटतो. दोन, क्वार्टर ग्लास उघडून पाहिली. तिची कड आरशाला लागता कामा नये. तीन, खालून-वरून हात घालून पाहिला. काच पुसायला आणि सेट करायला बोटं शिरली पाहिजेत.

उजवी खूण पहिल्या तासात ठरली. डावी खूण आम्ही चार वेळा बदलली. पुठ्ठा चार वेळा बदलता येतो. भोक बदलता येत नाही.

भोक न पाडता चालणार नाही का?

काकांनी हा प्रश्न किमान दहा वेळा विचारला. दाराच्या कडेला चिमट्यासारखा घट्ट बसणारा आरसा मिळतो. काकांनी पूर्वी उजव्या दाराला एक लावलाही होता. पण दार दरवेळी आपटलं की तो सैल होतो, चिमट्याखाली पाणी आणि धूळ अडकते, रंग घासला जातो आणि तिथेच गंज धरतो. शेवटी तो आरसा एका खड्ड्यात पडून गेला. म्हणजे भोक वाचवायच्या नादात कड गंजवून घेतली!

काकांना दुसरी भीती ‘ओरिजिनल’पणाची होती. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम आणले. त्यांच्या नंबरमधे ‘व्हीए’ ही अक्षरं येतात आणि गाडी मूळ रूपात असावी अशी अट आहे. काकांची गाडी २०३४ मधे पन्नाशीची होईल. पण तो नियम बोलतो चेसिस, बॉडी शेल आणि इंजिनमधल्या मोठ्या फेरफाराबद्दल. दोन स्क्रूंवर बसणारा आरसा म्हणजे तसा फेरफार नव्हे. मी हे वाचून दाखवल्यावर काकू म्हणाल्या, “आणि २०३४ पर्यंत कुणाला धडक दिली तर ते कुठल्या नियमात बसतं?” वाद तिथे संपला.

दाराच्या आत

आता खरं काम. काच फिरवायचं हँडल, दार उघडायचं हँडल आणि आतलं पॅनेल काढलं. पत्र्याच्या आत काय काय आहे ते टॉर्च लावून पाहिलं. क्वार्टर ग्लासच्या खालचा भाग बराचसा मोकळा असतो, कारण मोठी काच तिथे उतरत नाही. पण उभ्या पट्टीचा चॅनेल खालपर्यंत जातो आणि त्याच्या मागे काचेचा रस्ता सुरू होतो. लांब स्क्रू तिथे गेला तर काच खाली करताना ‘कट्’! म्हणून काच पूर्ण खाली करून पत्र्यापासूनचं अंतर मोजलं आणि स्क्रूची लांबी त्यावरून ठरवली.

दुसरी गोष्ट पत्र्याची. दाराचा बाहेरचा पत्रा साधारण एक मिलिमीटरचा. अंगठ्याने दाबला तर आत जातो. नुसत्या पत्र्यावर आरसा बसवला की तो थरथरतो. का? हिशेब बघा. चार सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन एका फेऱ्यात दोनदा फायर होतं. ७५० आरपीएमला आयडलिंग धरलं तर सेकंदाला २५ धक्के. आरसा आणि लवचीक पत्रा यांची स्वतःची कंपनसंख्या याच्या आसपास आली की रेझोनन्स! सिग्नलला उभे असताना आरशात मागची बस दिसायच्या ऐवजी तिचा लाल रंग तेवढा दिसतो.

उपाय थर्ड इयरच्या व्हायब्रेशनच्या पहिल्याच धड्यातला. वस्तुमान कमी करा किंवा ताठरपणा वाढवा. आम्ही दुसरा निवडला. सातपूर एमआयडीसीतल्या एका छोट्या शॉपमधून २ मिमी पत्र्याच्या तळहाताएवढ्या दोन प्लेटा कापून आणल्या, दाराच्या वळणाप्रमाणे हलक्या हाताने वाकवल्या, प्रायमर मारला आणि आतून लावल्या. स्क्रूचा ताण मग दोन भोकांवर न येता सगळ्या प्लेटवर पसरतो.

आणि मग भोक

ड्रिल कुणी धरायचं? आम्ही तिघेही पुढे झालो. काका म्हणाले, “सरका रे पोरांनो. माझी गाडी, माझं पाप.”

त्यांनी मास्किंग टेपवर खूण केली. टेप यासाठी की ड्रिल घसरत नाही आणि रंगाचे टवके उडत नाहीत. सेंटर पंचाचा एकच हलका ठोका. मोठा ठोका मारला तर पत्र्याला पोचा येतो. आधी ३ मिमीचं भोक, मग मापाचं. ड्रिलच्या मागे आतून चिंधी धरली होती, म्हणजे लोखंडाचा कीस दाराच्या तळाशी पडू नये. तो पडला तर तिथेच गंजून दार खातो.

भोकाची धार गोल कानशीने काढली. आणि इथे घाई करणारे चुकतात. उघड्या धारेला रंग लावल्याशिवाय आरसा बसवायचा नाही. आपल्याकडे त्र्यंबकच्या बाजूने पाऊस आला की चार महिने हवा ओली. आम्ही धारेला प्रायमर लावला, तो वाळल्यावर रंग, आणि मग पूर्ण एक दिवस गाडीला हात लावला नाही. आरशाच्या बैठकीखाली जुन्या ट्यूबचं रबर कापून गॅस्केट केलं. पाणी अडतं आणि बैठकीचा धातू पत्र्याला थेट टेकत नाही. दोन वेगळे धातू ओले होऊन टेकले की गंज लवकर धरतो, हे आपण केमिस्ट्रीत शिकलोच आहोत. स्क्रू स्टेनलेसचे, आतून वॉशर आणि लॉकनट. पॅनेल परत लावण्याआधी दाराच्या तळाची पाणी जायची भोकं तारेने साफ केली. त्यात चाळीस वर्षांचा चिखल होता!

शेवटचं माप

आरसा लावला म्हणजे काम संपलं असं नाही. तो सेट कसा करायचा? आपण सगळे आरसा असा लावतो की आपल्याच गाडीची अर्धी बाजू त्यात दिसावी. हे चूक आहे. गाडीची बाजू कुठेही पळून जात नाही! १९९५ साली जॉर्ज प्लॅट्झर या अमेरिकन इंजिनिअरने एका पेपरमधे पद्धत सांगितली. डोकं उजव्या काचेला टेकवून उजवा आरसा असा फिरवा की गाडीची कड जेमतेम दिसेल. मग डोकं गाडीच्या मध्यावर नेऊन डावा आरसा तसाच. सरळ बसलं की गाडी आरशातून जाते आणि शेजारची लेन येते.

आमची परीक्षा हॉस्टेलच्या मैदानात झाली. काका गाडीत समोर बघत बसले. मी सायकलवर मागून डाव्या बाजूने हळूहळू पुढे आलो. मी कुठे दिसतो आणि कुठे गायब होतो ते काका मोठ्याने सांगत होते. “आतल्या आरशात आहेस... आहेस... आता डाव्या आरशात आलास... आहेस... आता डोळ्याच्या कोपऱ्यात आलास.” मी मधे एकदाही गायब झालो नाही. मग उजवीकडून. तेच. मग काकांनी मला पुन्हा डावीकडून यायला सांगितलं. आणि पुन्हा. पाचव्यांदा माझे पाय दुखायला लागले तरी त्यांचं समाधान होईना. ते काय शोधत होते ते मला उशिरा कळलं. जिथे ती मुलगी होती, ती जागा.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मधे रस्त्यावरून उतरली. आता ज्या पद्मिनी उरल्या त्या अशाच काका लोकांच्या दारात आहेत. त्या जपायच्या तर नुसत्या धुवून-पुसून झाकून ठेवायच्या की आजच्या रस्त्यावर नीट चालतील अशा करायच्या, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. काकांनी आपलं उत्तर दिलं आहे.

गेल्या रविवारी आम्ही पुन्हा जेवायला गेलो. त्याच वळणावर काकांनी इंडिकेटर दिला, आतल्या आरशात पाहिलं, डाव्या आरशात पाहिलं आणि थांबले. डावीकडून एक दूधवाला दोन कॅन लावून सुसाट निघून गेला. काका काही बोलले नाहीत. नुसते आरशाकडे बोट दाखवून वळले.

तुम्हीही एक करा. हॉस्टेलच्या पार्किंगमधे ज्या बाईकचे आरसे ‘लूक’साठी काढून ठेवले आहेत, ते आज संध्याकाळी परत लावा. त्यासाठी ड्रिल लागत नाही, एक पाना पुरतो.